जर्मन, मराठी मार्गे

मी देवगाव फाट्यावर जर्मन शिकवते असं सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, तिथं कोण येतं शिकायला? नर्सेस येतात. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली आणि मुलंही. फाटा सेलू तालुक्यात असला तरी मंठ्याकडून, जिंतूरकडून आणि सेलूकडून येणारे रस्ते इथं मिळतात, त्यामुळे तिन्हीकडच्या पोरांना सोयीचा पडतो. खाली बियाणं-खतांचं कृषी केंद्र आणि वर आमची खोली. नाइट ड्यूटी करून एसटीनं थेट वर्गात येणारी मुलगी इथं नवलाची नाही. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून चौकशीचे फोन वाढले, आणि फोन करणाऱ्यांमध्ये आईवडीलही दिसायला लागले.

तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर जर्मन बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. युरोप परिषदेनं २००१ साली भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या, त्यांतली ही चौथी. तिच्या वर्णनातली एक ओळ मला फार मोलाची वाटते. त्या भाषेच्या माणसाशी बोलताना दोघांपैकी कुणालाही ताण पडू नये, असा तिचा आशय आहे. अस्खलित म्हणजे काय, याचं याहून चांगलं माप मला माहीत नाही. चुका होणार, पण त्या झेलण्याचा त्रास समोरच्याला व्हायला नको. वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटला तर नकोच.

पहिल्या दिवशी वर्गात बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, “मॅडम, माझं इंग्रजीच धड न्हाई, जर्मन कसं जमावं?” दहावीपासून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत ही मुलं हेच ऐकत आलेली असतात. इंग्रजी हा दरवाजा आहे आणि तो उघडला नाही तर पुढचं सगळं बंद, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की ते उपटून काढण्यात माझे पहिले काही आठवडे जातात. याबाबत माझं मत आता ठाम झालं आहे. जर्मनकडे जायला मराठीतून थेट रस्ता आहे. इंग्रजीला वळसा घालून गेलं तर वेळही जास्त लागतो आणि नको त्या सवयीही लागतात.

आकड्यांचंच घ्या. मी रोजचा वर्ग आकडे सांगून सुरू करते. ब्लड प्रेशर, नाडी, तापमान, इन्सुलिनचे युनिट्स. मी जर्मनमध्ये बोलायचं आणि त्यांनी वहीत आकड्यांत लिहायचं. जर्मनमध्ये पस्तीसला ‘फ्युन्फ-उंट-ड्रायसिश’ म्हणतात, म्हणजे पाच आणि तीस. त्रेपन्न म्हणजे ‘ड्राय-उंट-फ्युन्फत्सिश’, तीन आणि पन्नास. एकक आधी, दशक नंतर. इंग्रजीत याच्या उलट, आधी दशक. इंग्रजीतून शिकणारा माणूस इथं हमखास अडखळतो आणि पस्तीसचे त्रेपन्न करून ठेवतो. वॉर्डात ही चूक शाईची राहत नाही. औषधाचा डोसच बदलतो.

मराठीत आपण काय म्हणतो? पस्तीस, त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर. पस्-तीस, त्रे-पन्न. एककच आधी. एकोणतीस, एकोणचाळीस हे तेवढे वेगळे, बाकी रचना तीच. अडचण अशी की आताची मुलं आकडे मराठीत म्हणतच नाहीत. पल्स ‘एटी फोर’, बीपी ‘वन थर्टी बाय नाइंटी’. म्हणून मी आधी त्यांच्याकडून मराठी पाढे म्हणून घेते. नर्सिंग झालेली चोविशी-पंचविशीतली मुलं ‘एकोणीस सक चौदोदरसे’ म्हणतात तेव्हा खालचे दुकानदार काका चमकून वर बघतात. पण पाढे जिभेवर परत आले की जर्मन आकडे ऐकताना डोक्यात मराठी आकडा उमटतो आणि हात बरोबर चालतो. ‘हुंडर्ट-फ्युन्फ-उंट-ड्रायसिश त्सू फ्युन्फ-उंट-आख्त्सिश’ ऐकलं की एकशे पस्तीस, पंच्याऐंशी. जर्मनचा क्रम आणि आपला क्रम एक, मध्ये उलथापालथ करायला कुणी नाही.

वाक्यांचंही असंच. पेशंटला चक्कर येत असेल तर आमच्याकडे तो म्हणतो, “मला गरगरायलंय.” जर्मन पेशंट म्हणतो, “मिअर इस्ट श्विंडलिश.” त्यातलं ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. वाक्यात ‘मी’ नाहीच. थंडी वाजते तेव्हाही ‘मिअर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजतेय. आवडलं तर ‘एस गेफेल्ट मिअर’, मला आवडलं. इंग्रजीचा हात धरून जाणारा विद्यार्थी ‘मी थंड आहे’ असं वाक्य जुळवतो आणि जर्मन कानाला ते ‘माझा स्वभाव थंड आहे’ असं ऐकू जातं. मराठी माणसाला इथं नवा नियम शिकायचा नसतो, रोज बोलतो ते नुसतं ओळखायचं असतं. ‘पेशंटला गोळी देते’ यातला ‘ला’ जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी न येता आधीच्या छोट्या शब्दात येतो, एवढाच फरक. चतुर्थी म्हणजे काय हे सातवीच्या पुस्तकात शिकून झालेलं असतं. त्या विभक्तीच्या तक्त्याला सगळ्या पोरांनी आयुष्यभर नावं ठेवलेली असतात. फळ्यावर मी तोच तक्ता काढते.

‘त्साइट’, ‘त्सिमर’ हे उच्चारही तसेच. चाक, चावी यांतला आपला दंततालव्य च तोंडात बसलेला असतो. जर्मनमधला हा आवाज त्याच्या जवळचा आहे, तो ‘त्स’ म्हणून वेगळा शिकवावा लागत नाही. ‘यु’सारखा जो ऊ आहे तो मात्र शिकवावा लागतो. ‘ई’ म्हणायचं आणि ओठ ‘ऊ’चे ठेवायचे. पहिल्या आठवड्यात वर्ग याच्यावर मनसोक्त हसतो आणि मी हसू देते.

मराठी सगळीकडे मदतीला येते असं नाही. लिंगाच्या बाबतीत ती मदतही करते आणि अडवतेही. तो, ती, ते अशी तीन लिंगं असतात आणि वस्तूला लिंग असण्याला काही कारण लागत नाही, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक. पण दार आपल्याकडे ‘ते’ आणि तिकडे ‘ती’, टेबल आपल्याकडे ‘ते’ आणि तिकडे ‘तो’. इथं आपली सवय आड येते. क्रियापदाचंही तसंच. जर्मनच्या साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं. आपण ते शेवटपर्यंत राखून ठेवतो. जोडवाक्यात ‘कारण’सारखा शब्द आला की जर्मन क्रियापदही शेवटी जातं आणि आमची मुलं सुटकेचा श्वास सोडतात. ‘कारण आजींना रात्री झोप लागली नाही’ हे वाक्य त्यांना कधीच जड जात नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगते. जर्मनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, ‘डू’ आणि ‘झी’. हा भेद इंग्रजीत राहिलेला नाही, आपल्याला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही. पण मराठवाड्यात आपण आईला तू म्हणतो, आजीला तू म्हणतो, वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाईलासुद्धा “आजी, तू जेवलीस का?” असं मायेनं विचारतो. ही माया जर्मनमध्ये तशीच उचलून नेता येत नाही. तिथं पंच्याऐंशी वर्षांच्या, सगळं विसरत चाललेल्या बाईलाही ‘झी’च म्हणायचं आणि आडनावानं हाक मारायची. माया आवाजातून दाखवायची, सर्वनामातून नाही. मुलींना हे पटायला वेळ लागतो. एकदा पटलं की त्यांच्याइतकं मनापासून ते कुणी करत नाही.

परकी भाषा अंगवळणी पाडणं आमच्या भागाला नवीन नाही, हे मी त्यांना आवर्जून सांगते. १९४८पर्यंत आमचा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. ज्यांनी ते दिवस काढले ती पिढी आता जवळजवळ संपली, पण त्यांच्यातले घरी मराठी बोलणारे कितीतरी जण उर्दूत अर्ज लिहीत आणि उर्दूत वाद घालत. जमिनीचा कागद उर्दूत होता म्हणून ते शिकले. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी त्याच संस्थानाच्या मुलकी सेवेत अधिकारी होते. आदिलाबादकडे काम करताना ते गोंडी शिकले, इतकी की त्यांनी गोंडीचं व्याकरण लिहिलं. ज्या लोकांसाठी काम करायचं त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, असा हा अधिकारी होता. माझ्या वर्गातल्या मुलांना यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं द्यावं?

आणि तांड्यावरची मुलं तर भाषांमध्येच वाढतात. जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यावरचा मुलगा माझ्याकडे होता. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, बाजारात दखनी हिंदी. आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात जात, त्यामुळे फडावरचं कन्नडही त्याच्या कानावरून गेलेलं. अर्ध्या वाक्याची त्याला लाज वाटत नसे. तीन शब्द आले की तो बोलायला लागे, चौथा समोरच्याकडून काढून घेई. ऐकणं-बोलणं त्याला वर्गात सगळ्यांत आधी जमलं. लिहिणं मात्र शेवटपर्यंत जड गेलं. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी-टू परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार वेगळे भाग असतात आणि प्रत्येकात शंभरापैकी साठ गुण लागतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. त्याचं लेखन राहिलं आणि दुसऱ्या वेळी निघालं. परीक्षेसाठी इथून रात्रीच्या गाडीनं पुण्याला जावं लागतं, तोही खर्च आलाच.

आता पद्धतीबद्दल. पद्धती पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचे भक्त आहेत. हंगेरीच्या काटो लोम्ब या नामवंत दुभाषी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोगोलची कादंबरी वाचत वाचत रशियन शिकल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, पण बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या मुलीच्या हातात मी कादंबरी देणार नाही. पॉल नेशन हे न्यूझीलंडचे अभ्यासक. पानावरचे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तरच माणूस कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचू शकतो, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. सगळ्या जर्मनमध्ये अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचायला वर्षं जातात. पण हिपच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बेडवर असलेल्या एका आजींच्या नोंदीत ते काही महिन्यांत गाठता येतं, कारण विषय मुलांचा स्वतःचा आहे. जखम, ड्रेसिंग, सलाइन, लघवीचं प्रमाण. जर्मन नसेल येत, पण पुढं काय विचारलं जाणार हे त्यांना माहीत असतं. म्हणून आमची जर्मन वॉर्डापासून सुरू होते. हवामान, छंद आणि सुट्टीतला प्रवास नंतर.

मुख्य काम चालतं ते ‘युबरगाबे’वर, म्हणजे ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते त्यावर. यासाठी मी नेशन यांनीच प्रसार केलेली एक युक्ती वापरते. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. कागद नाही, मध्ये थांबवणं नाही, चूक दुरुस्त करणं नाही. मंठ्याकडच्या एका मुलीचं मला स्पष्ट आठवतं. पहिल्या वेळी चार मिनिटं संपली तरी तिच्या गोष्टीतल्या आजी अजून रात्रीच्या वेदनेपाशीच होत्या. प्रत्येक वाक्याआधी ती छताकडे बघे, ओठांनी मराठीत काहीतरी जुळवी आणि मग बोले. दुसऱ्या माणसासमोर छताकडे बघणं कमी झालं. नाश्ता अर्धाच खाल्ला, वॉकर धरून दारापर्यंत चालल्या, हेही आलं. तिसऱ्या वेळी दोन मिनिटांत वेदना, बीपी, ड्रेसिंग, चालणं सगळं येऊन गेलं आणि शेवटी तिनं स्वतःहून भर घातली की आज मुलगी भेटायला येणार आहे. नवा शब्द एकही शिकवला नव्हता. तिच्याजवळ होतं तेच सुटं झालं होतं.

तिसरी फेरी झाल्यावरच मी वही उघडते आणि एकच चूक फळ्यावर घेते, सगळ्यांची मिळून एक. आधी दुरुस्त करत बसलं तर मूल बोलणं सोडून मास्तरचा चेहरा वाचायला लागतं.

नुसतं ऐकून भाषा येते असं मानणारेही खूप आहेत आणि त्यात तथ्य आहे. भरपूर, समजेल असं ऐकल्याशिवाय काहीच होत नाही. डॉइचे वेले या जर्मन वाहिनीच्या हळू वाचलेल्या बातम्या फुकट मिळतात, सोबत मजकूरही असतो. त्या माझ्या मुलांच्या कानात एसटीत वाजत असतात. पण कॅनडातल्या फ्रेंच शाळांचा अनुभव मी विसरत नाही. इंग्रजी घरांतली मुलं तिथं वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकली, त्यांना उत्तम समजायचं, तरी बोलण्या-लिहिण्याचं व्याकरण मागे राहिलं. मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये त्यावरून मांडलं की माणसाला स्वतः बोलायला भाग पडलं तरच आपल्याला काय येत नाही ते त्याला कळतं. फाट्यावरच्या खोलीत हे मी रोज बघते.

पाठांतराला कार्डं आहेत. जर्मन पत्रकार झेबास्टिआन लाइटनर यांनी १९७२मध्ये सांगितलेली खोक्याची पद्धत अजूनही ठीक चालते. आलं ते कार्ड मागच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात. आमच्याकडे चपलांची खोकी पुठ्ठ्याचे पडदे लावून वापरतात. कार्डावर सुटा शब्द लिहायचा नाही, अख्खं वाक्य लिहायचं, एवढाच माझा आग्रह.

तीन महिन्यांत बी-टू, असं सांगून पैसे घेणारे एजंट या भागात फिरतात. शेत गहाण टाकून पैसे भरलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. त्यामुळे याबद्दल मी सगळ्यांसमोर आणि स्पष्ट बोलते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना पगार देऊन, दिवसभर, लहान वर्गात भाषा शिकवते. तिथंही जर्मनसाठी साधारण ३६ आठवडे धरतात, जपानीसाठी ८८. ते अधिकारी आधीच इंग्रजी बोलणारे, भाषा शिकायची सवय असलेले. ड्यूटी सांभाळून शिकणाऱ्या आमच्या मुलांना वर्ष-सव्वा वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पालक समोर बसलेले असताना हे सांगणं कठीण असतं, पण न सांगता पैसे घेणं मला जमणार नाही.

तिथं पोचलेल्या मुलींचे फोन येतात तेव्हा तक्रार साधारण एकच असते. पुस्तकातली जर्मन तिथं कुणी बोलत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या मोठ्या भागात स्वाबियन बोली चालते, म्हातारी माणसं तर तीच बोलतात. थोडंसं म्हणायला ‘अ बिस्ले’, नमस्काराला ‘ग्र्यूस गॉट’. मी त्यांना विचारते, पुण्याच्या हॉस्टेलवर “काय करायलाव?” म्हटल्यावर काय झालं होतं? ते आठवलं की त्या शांत होतात. बोली म्हणजे बिघडलेली भाषा नाही हे आमच्या मुलांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नसते. शेवटच्या काही महिन्यांत मी तिकडच्या प्रादेशिक रेडिओचे कार्यक्रम लावते. सगळं समजणार नाही, पण चाल कानात बसते.

सगळ्यांत अवघड असतो तो टेलिफोन. समोर चेहरा नाही, हात नाहीत, ओठ दिसत नाहीत. लॅबमधून फोन येतो, एक आकडा आणि एक नाव सांगतात आणि ठेवून देतात. यासाठी मी फाट्याचाच उपयोग करते. जोडीतला एक जण वर खोलीत बसतो, दुसरा खाली रस्त्याला उभा राहतो. वरचा जर्मनमध्ये पेशंटचं आडनाव अक्षर अक्षर सांगतो, मग पोटॅशियमचा आकडा, मग कुणाला परत फोन करायचा ते. खाली नांदेडची एसटी हॉर्न देत वळत असते, ट्रॅक्टर जात असतो, कुणीतरी सेलूची जीप भरत ओरडत असतं. ऐकू आलं नाही तर “काय?” म्हणून भागत नाही. “माफ करा, शेवटचे दोन अंक पुन्हा सांगाल का?” हे पूर्ण वाक्य ‘झी’ लावून म्हणावं लागतं. शेवटी ऐकलेलं सगळं परत वाचून दाखवायचं आणि समोरच्यानं बरोबर म्हटल्यावरच फोन ठेवायचा. या वर्षीपासून हा सराव मी शेवटच्या महिन्यातून काढून दुसऱ्या महिन्यात आणला आहे. त्या टप्प्यावर मुलांना जेमतेम आकडे, अक्षरं आणि ते एक माफीचं वाक्य येतं, पण लॅबच्या फोनला सुरुवात करायला तेवढं पुरतं.